पेटीच्या खोलीतलं वायफाय : प्रकल्प नोंदी (देवरुख, जून-जुलै २०२५)

शनिवार, १४ जून २०२५

काम : काकूच्या लॅपटॉपवर वायफाय रडतखडत चालतं, ते सुधारणे.

काकू पेटी (हार्मोनियम) शिकवते. बरेचसे विद्यार्थी ऑनलाइन. न्यू जर्सीतली दोन भावंडं सकाळी साडेसहाला येतात (तिकडे आदल्या रात्रीचे नऊ), दुबईची एक मुलगी संध्याकाळी. तक्रार तिच्याच शब्दांत : "अरे, चित्र थिजतं, आवाज तुटतो, आणि मधूनच धरलेला सा गायबच होतो. माउससुद्धा अडखळतो मेला." कुणाच्या तरी सल्ल्याने नेटचा प्लॅन ४० एमबीपीएसचा (सेकंदाला मेगाबिट) १०० करून झालाय. फरक शून्य, बिल मात्र वाढलं.

घर जांभ्याच्या चिऱ्याचं, जुनं. फायबरची तार ओटीच्या कोपऱ्यात उतरते. तिथेच कंपनीने दिलेला डबा, म्हणजे मोडेम आणि राउटर एकातच. उघड्यावर बरा दिसत नाही म्हणून तो लोखंडी कपाटाच्या मागे खिळ्याला टांगलाय. पुढे माजघर, आणि त्यामागे पेटीची खोली. मध्ये हातभर जाडीच्या दोन भिंती.

लॅपटॉप २०१८ चा, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, विंडोज १०. एसएसडी आहे, मेमरी ८ जीबी. एरवी चांगला पळतो.

आज काहीही बदललं नाही, फक्त मोजलं. "नेट स्लो" या तक्रारीच्या पोटात तीन टप्पे असतात : बाहेरून डब्यापर्यंत, डब्यापासून लॅपटॉपपर्यंत हवेतून, आणि लॅपटॉपच्या आतला. स्पीड टेस्टची साइट तिघांचा मिळून एकच आकडा देते, त्यामुळे दोषी कोण ते कळत नाही.

पहिला टप्पा : लॅपटॉप ओटीवर आणला आणि केबलने थेट डब्याला जोडला. खाली (डाउनलोड) ९४ एमबीपीएस, वर (अपलोड) ९३. डब्याचं पोर्ट १०० चं आहे, आणि अशा पोर्टातून हाताशी ९४ च्या आसपासच येतात, कारण प्रत्येक पॅकेटवरच्या पत्त्या-निशाण्यांतही थोडी जागा जाते. म्हणजे बाहेरची लाइन ठणठणीत. कस्टमर केअरला फोन करून काही उपयोग नव्हता आणि नाही.

मग केबल काढून, डब्यापासून दोन हातांवर, वायफायवर : ३८.

पेटीच्या खोलीत : खाली ४, वर दीड. त्याच खोलीत, त्याच पाटावर ठेवलेल्या माझ्या फोनवर : २२.

हा शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा. भिंती दोघांनाही सारख्याच. तरी फोनला २२ आणि लॅपटॉपला ४ मिळतात, म्हणजे भिंतींखेरीज लॅपटॉपचंही स्वतःचं काहीतरी आहे.

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस' दिलं. रेडिओ टाइप ८०२.११ एन, म्हणजे वायफायची एक जुनी पिढी. चॅनल ३. पेटीच्या खोलीत सिग्नल ४४ टक्के, लिंक (कार्ड आणि डबा यांच्यात हवेत ठरलेला वेग) १३ एमबीपीएस. ओटीवर डब्याशेजारी लिंक ७२.२, त्यावर कधीच जात नाही. ७२.२ म्हणजे २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर एन पद्धतीत एका अँटेनाच्या कार्डाची कमाल. वायफायचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; ५ चं नाव यादीत दिसतच नाही. एक अँटेना, फक्त २.४ गिगाहर्ट्झ : उत्पादकाने वायफाय कार्डात चार पैसे वाचवलेत. विकताना खोक्यावर प्रोसेसर ठळक लिहितात, कार्डाबद्दल नुसतं 'वायफाय'.

(विंडोजचे टक्के डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, आणायचे तर निम्मे करून त्यातून १०० वजा करायचे. ४४ टक्के म्हणजे उणे ७८. व्हिडिओ कॉल सुखाने चालायला उणे ६७ च्या अलीकडे हवं. आणि ३ डीबी घटले की ताकद निम्मी, त्यामुळे उणे ६७ आणि उणे ७८ यांतलं अंतर दिसतं त्यापेक्षा खूप मोठं आहे.)

रविवार, १५ जून

सकाळचा क्लास बाजूला बसून पाहिला. काळ्या खिडकीत 'पिंग -टी १९२.१६८.१.१' चालू ठेवलं होतं. पिंग म्हणजे छोटी हाक मारून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं, इथे फक्त लॅपटॉप ते डबा. बाहेरच्या जगाचा त्यात संबंध नाही. ३, ४, ३, ३८०, ५, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', ९०, ४. घरातल्या घरात ही तऱ्हा. आकडा उसळला की त्याच क्षणी पडद्यावरचं पोर थिजायचं.

पहिला चोर टेबलावरच सापडला. डाव्या बाजूच्या निळ्या यूएसबी पोर्टात काकूची बाहेरची हार्ड डिस्क, सगळ्या रेकॉर्डिंगची. शेजारच्या पोर्टात बिनतारी माउसचा इवलासा डोंगल. यूएसबी ३ ची डेटा धावण्याची पद्धत अशी आहे की तिचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. स्वस्त डिस्क, पातळ आवरणाची वायर असली की गोंगाट जास्त. माउस अडखळत होता तो ह्यानेच. त्याचा डोंगलही २.४ वरच बोलतो आणि डिस्कला खेटून बसलेला.

डिस्क उजवीकडच्या काळ्या, यूएसबी २ च्या पोर्टात लावली. माउस तत्क्षणी सुतासारखा सरळ. काकूला इथेच निम्मं काम झाल्यासारखं वाटलं. पिंगमधल्या उसळ्या कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत.

दुसरा चोर : क्लाउड बॅकअप. त्याच डिस्कवरची रेकॉर्डिंग दिवसभर वर चढत होती. वर जायला हवेतून वाट दीड एमबीपीएसची, तीही बॅकअपने गच्च भरलेली. मग काकूचा आवाज रांगेत मागे. बॅकअप थांबवला की २०-२५ मिलिसेकंद, सुरू केला की बाहेरचा पिंग सरळ सहाशेच्या घरात. बॅकअपची वेळ रात्री अकरा ते पहाटे पाच करून टाकली. विंडोजच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमधलं 'इतर संगणकांना अपडेट पुरवा' हेही बंद.

दुपारी चॅनल पाहिले. देवरुखात पुण्यासारखी गर्दी नाही, तरी शेजारची तीन नेटवर्क दिसतात, चॅनल १ वर दोन, ६ वर एक. आपल्या डब्याने 'ऑटो'मध्ये ३ निवडलेला. हे वाईटच. २.४ मध्ये चॅनलचे मध्यबिंदू फक्त ५ मेगाहर्ट्झ अंतरावर, आणि प्रत्येकाला जागा लागते २० ची, म्हणून एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच : १, ६, ११. एकाच चॅनलवरची दोन नेटवर्क एकमेकांना ऐकून पाळीपाळीने बोलतात, एका सतरंजीवरच्या भजनी मंडळांसारखी. ३ वर बसलेल्याला मात्र १ चं आणि ६ चं बोलणं कळत नाही, नुसता कालवा ऐकू येतो. ११ वर नेऊन कायम केलं, रुंदी २० मेगाहर्ट्झ. पेटीच्या खोलीत ४ चे ६ झाले.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधलं 'वीज वाचवायला हे उपकरण बंद करू दे' काढलं. ड्रायव्हर उत्पादकाच्या साइटवरून नवा घातला. फरक मोजण्याइतका नाही, पण दर काही मिनिटांनी येणारी एक ठरावीक उसळी गेली.

न केलेल्या गोष्टीही नोंदवून ठेवतो, कारण शेजारचे काका त्या सुचवून गेलेत. 'विंडोज २० टक्के नेट स्वतःसाठी राखून ठेवतं, ते सोडवून घ्या' : खोटं. ती राखीव सोय एखाद्या प्रोग्रॅमने मागितली तरच लागू होते, एरवी शंभर टक्के आपलेच. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलणं : पान उघडायला लागणारा पहिला क्षण कमी होईल, चालू असलेल्या कॉलला काडीचा फरक नाही. 'इंटरनेट बूस्टर' नावाची सॉफ्टवेअरं : ह्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

मंगळवार, १७ जून

डबा कपाटामागून काढला. फायबरची तार केसासारखी नाजूक आणि करकचून वाकवली तर आत तुटते, म्हणून ती न हलवता जेवढी सैल होती तेवढ्यातच, कपाटाच्या बाजूला फळीवर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला ठेवला. दोन्ही अँटेना उभ्या. पत्र्यातून रेडिओ लहरी आरपार जात नाहीत, आणि कपाट नेमकं डबा आणि पेटीची खोली यांच्या रेषेत होतं.

सिग्नल ४४ चा ५६ टक्के. खाली ११, वर ५. एक पैसा खर्च न होता.

काकूचं म्हणणं, फळीवर तो डबा भूतासारखा डोळे मिचकावतो. वर क्रोशाचा रुमाल घालू का? रुमाल चालेल, पण त्याला वारा लागू दे. पितळी तबक नको.

शुक्रवार, २० जून

दोन भिंतींना हवेतून जिंकता येणार नाही, तेव्हा त्या तारेने ओलांडायच्या. रिपीटरचा विचार सोडला. बाजारात मिळणारा स्वस्त रिपीटर जे ऐकतो तेच त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणजे वेग साधारण निम्मा, आणि तो ठेवायचाही अशा जागी जिथे त्यालाच सिग्नल धड मिळत नाही. तार ओढायला एक दुपार जाते, पण मग पुढची कित्येक वर्षं बघावं लागत नाही.

पुण्याहून आणलेला जुना ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही पट्ट्यांचा) राउटर, कॅट ६ ची नेटवर्क वायर, तिला बसवायची आरजे-४५ ची टोकं आणि क्रिंपिंगचा पक्कड. ओटीवरून माजघरात जायला भिंतीला वर जुनं भोक आहे, पूर्वी त्यातून रेडिओच्या एरियलची वायर जायची. त्यातूनच ओवली. विजेच्या वायरिंगपासून वीतभर लांब ठेवली, जिथे ओलांडायची वेळ आली तिथे काटकोनात.

टोकं बसवताना रंग : नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दोन्हीकडे हाच क्रम. आठ तारा नखाने सरळ करायच्या, एका रेषेत कापायच्या, आणि टोकाच्या काचेसारख्या तोंडातून आठही तांबडे ठिपके दिसेपर्यंत आत रेटायच्या. मगच पक्कड दाबायची. बाहेरचं आवरणही टोकाच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर दोन महिन्यांत सुटतं. ह्या कामाला डोळे लागतात, आणि माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. काकू टॉर्च धरून उभी होती आणि मध्येच म्हणाली, "पेटीचे सूर लावण्यापेक्षा किचकट आहे रे हे." सूर लावणं मी पाहिलंय, ती अतिशयोक्ती करतेय.

दुसरा राउटर माजघराच्या पुढच्या भिंतीला वर, पेटीच्या खोलीच्या दाराच्या रेषेत. आता मध्ये एकच भिंत, तीही दार उघडं असलं की निम्मीच. त्याची मांडणी : पत्ता १९२.१६८.१.२, डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद, वायर घरच्या जोडणीच्या लॅन पोर्टात (बाहेरचं नेट घेण्याच्या वॅनमध्ये नाही, नाहीतर घरात दोन वेगळी नेटवर्क होतात आणि प्रिंटर सापडेनासा होतो). नाव आणि पासवर्ड ओटीवरच्या डब्याचाच. २.४ वर चॅनल ६, पाच गिगाहर्ट्झवर ३६, रुंदी ८०.

लॅपटॉप : सिग्नल ८४ टक्के, लिंक ७२.२, खाली ३९, वर ३६. घरातला पिंग २ ते ५. फोनवर, ५ गिगाहर्ट्झने : ९२.

सोमवार, २३ जून

आज पहाटेच्या क्लासात चित्र एकदाही अडकलं नाही. काकू खूश व्हायला हवी होती. "चित्र छान येतंय रे, पण सा अजून जातोच."

नोंदी पाहिल्या. पिंग सपाट, एकही पॅकेट हरवलेलं नाही. शिवाय व्हिडिओ कॉलला चांगल्या चित्रासकट दीड-दोन एमबीपीएस पुरतात, आवाजाला तर त्याचा दहावा हिस्साही खूप. मग सा जातो कुठे?

शेजारच्या खोलीत फोनवरून कॉलमध्ये शिरलो, हेडफोन लावले. काकूने भाता मारून काळी एकचा सा धरला. पहिले दोन सेकंद भरगच्च. मग तो विरत गेला, कुणीतरी हळूच दार लावून घ्यावं तसा, आणि पूर्ण शांत. तिकडे तर पेटी वाजतच होती, भिंतीतून ऐकू येत होती. तिने पलटा घेतला की सूर लगेच परत. पुन्हा एका सुरावर थांबली की पुन्हा गायब.

हे नेटवर्क नव्हेच. कॉलच्या अ‍ॅपमधली गोंगाट कमी करण्याची सोय आहे ही. माणसाचं बोलणं सतत बदलतं. जे न बदलता एकसारखं चालू राहतं, ते पंखा, एसी, मिक्सर असणार असं ती धरून चालते आणि पुसून टाकते. लांब धरलेला सा तिच्या हिशेबी पंखाच. तंबोऱ्याच्या बाबतीत तर हे आणखी वाईट होईल, तो थांबतच नाही.

सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू केलं आणि गोंगाट दाबणं बंद. त्यात प्रतिध्वनी दाबणंही सुटतं, म्हणून आता काकूने स्पीकरऐवजी इयरफोन वापरायचे. तिला ते आवडत नाहीत, पण सा शाबूत राहतो म्हटल्यावर तयार झाली. एक अडचण अशी की ही सोय कॉलच्या आत शिरल्यावर वरच्या कोपऱ्यात पुन्हा चालू आहे ना ते पाहावं लागतं. कागदावर लिहून पेटीच्या झाकणाला चिकटवलं.

वर्षभर ज्या तक्रारीपायी प्लॅन वाढवला, तिचा मोठा हिस्सा हा होता.

काकूची आणखी एक इच्छा : विद्यार्थ्याने वाजवावं आणि तिने सोबत तबल्याचा ठेका लावावा, तिकडून इकडे एकदम. हे होणार नाही, स्पष्ट सांगितलं. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो. न्यू जर्सी बारा हजार किलोमीटरच्या पलीकडे. सरळ तार असती तरी जाऊन येऊन १२० मिलिसेकंद निघतात, आणि तार सरळ नसते. प्रत्यक्षात दोनशेच्या वर, त्यात अ‍ॅपचा आपला उशीर. द्रुत तीनतालात तेवढ्या वेळात मात्रा निघून जाते. ठेका विद्यार्थ्याच्याच बाजूला वाजला पाहिजे. तबला मशीनचं अ‍ॅप त्या पोरांच्या आयपॅडवर टाकायला सांगितलंय, काकूने फक्त ऐकायचं.

शनिवार, २८ जून

लॅपटॉपचं वायफाय कार्ड बदललं. खरं तर ३९ एमबीपीएस काकूला पुरतात, पण २.४ च्या पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हन आला, माउस आला, शेजारी नवीन राउटर आला की पुन्हा रामायण. आणि लॅपटॉप अजून तीन-चार वर्षं जायला हवा.

घेतलं इंटेलचं एएक्स २१०. दुकानदार एएक्स २०१ देत होता, 'सेमच आहे, स्वस्त आहे' म्हणून. सेम नाही. २०१ चं अर्धं काम लॅपटॉपच्या चिपसेटवर सोपवलेलं असतं, त्यामुळे ते ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतं. २१० स्वतंत्र आहे. काही उत्पादकांनी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी घातलेली असते, तेही आधी पाहिलं, ह्या मॉडेलला तसं बंधन नाही. नवीन ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवला, कारण जुनं कार्ड काढलं की नेटही जातं.

मागचं झाकण काढलं, सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. कार्ड जेमतेम ३ सेंटिमीटर लांब, एका स्क्रूवर. त्याला एकच काळी वायर. आणि शेजारी, पारदर्शक नळीत टोक गुंडाळून चिकटपट्टीने दाबून ठेवलेली, पांढरी दुसरी वायर. मी हीच शोधत होतो. महागड्या मॉडेलसाठी पडद्याच्या चौकटीत दोन अँटेना बसवल्या जातात, चौकट सगळ्या मॉडेलना तीच, स्वस्त मॉडेलमध्ये फक्त कार्ड हलकं. दुसरी अँटेना सात वर्षं तिथे निकामी पडून होती. ती नसती तर नवीन कार्डाचा निम्मा फायदा गेला असता.

ह्या वायरींची टोकं डाळीच्या दाण्याहून लहान. वाकडं दाबलं तर मधला पिन मोडतो. बरोबर वर धरून, अंगठ्याने सरळ खाली, बारीकसा 'टक' जाणवतो.

चालू केल्यावर : ८०२.११ एसी (एनच्या पुढची पिढी), ५ गिगाहर्ट्झ. माजघरात लिंक ८६६.७. पेटीच्या खोलीत, दार लावून, ३९०. कार्ड वायफाय ६ चं आहे, राउटर जुना म्हणून एसीवर थांबलं. खाली ९३, वर ९२. आता अडवतंय ते ओटीवरच्या डब्याचं १०० चं पोर्ट, आणि प्लॅनही तेवढाच, त्यामुळे इथून पुढे हवेत सुधारण्यासारखं काही उरलं नाही. गिगाबिट पोर्टाचा डबा मागायची गरज नाही.

शनिवार, ५ जुलै

दोन दिवस धो धो. पावसाने वायफाय मंदावतं का, हे सगळ्यांनी विचारलं म्हणून मोजलं. पेटीच्या खोलीत सिग्नल कोरड्या दिवशी होता तोच, दोन टक्के इकडेतिकडे. घरातल्या दहा-बारा मीटरांवर पावसाचा प्रश्नच येत नाही. बाहेरची भिंत भिजते, मधली नाही.

पावसाने होतं ते वेगळंच : लाइट डोळा मारते. क्षणभर गेली आणि आली की डबा पुन्हा सुरू होतो, आणि फायबर जुळून नेट यायला दोन-तीन मिनिटं. इन्व्हर्टर असूनही हे होतं, कारण ओटीवरचा तो प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नाही. माजघरातला राउटर आहे. डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावायचा, रत्नागिरीहून येताना आणेन. अ‍ॅडॉप्टरवरचे अँपियर टिपून घेतले : १.५.

उद्या आषाढी, क्लासला सुट्टी. सोमवारपासून काकू प्लॅन पुन्हा ४० चा करायला सांगणार आहे. मी म्हटलं, बॅकअप रात्रीच जातोय तोवर चालेल.

बाकी : विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. हा प्रोसेसर ११ ला चालतो. गणपतीत आलो की ते.